हर-२ ओळखणारी अफिबॉडी: बॅक्टेरियातून काढण्यापासून गॅलियम-६८ लावण्यापर्यंत

स्तनाच्या कर्करोगात हर-२ (पेशीच्या पृष्ठभागावरचे, वाढीचा संदेश देणारे रिसेप्टर प्रोटीन) किती आहे हे बायोप्सीच्या तुकड्यावरून ठरते. पण तुकडा एकाच गाठीचा असतो. यकृतातली किंवा हाडातली गाठ तशीच असेल याची खात्री नाही, आणि उपचारानंतर हर-२चे प्रमाण बदलूही शकते. सगळ्या गाठी एकाच स्कॅनमध्ये पाहायच्या तर हर-२ला चिकटणारे आणि सोबत किरणोत्सारी अणू नेणारे प्रोटीन लागते. ट्रास्टुझुमॅब या हर-२विरोधी अँटीबॉडी औषधालाच अणू जोडता येतो, पण ते सुमारे १४८ किलोडाल्टनचे. रक्तातून निघून जायला त्याला दिवस लागतात, म्हणून झिरकोनियम-८९ सारखा ७८ तास अर्धायुष्य असलेला आयसोटोप वापरावा लागतो आणि चित्र स्वच्छ मिळते ते चार-पाच दिवसांनी.

अफिबॉडी जेमतेम ७ किलोडाल्टनची. स्टॅफिलोकोकसच्या प्रोटीन-ए मधल्या एका डोमेनवरून घडवलेली ही ५८ अमिनो आम्लांची, तीन हेलिक्सची रचना. तिच्या पृष्ठभागावरच्या १३ जागा बदलून हवे ते लक्ष्य पकडायला लावले जाते. हर-२साठीची झेड-हर-२:३४२ ही आवृत्ती स्वीडनमध्ये तयार झाली. ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिची पकड २२ पिकोमोलर मोजली गेली होती (आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट). ट्रास्टुझुमॅब आणि पर्टुझुमॅब हर-२वर जिथे बसतात ती जागा ही घेत नाही, त्यामुळे या औषधांवर असलेल्या रुग्णातही स्कॅन करता येतो. टोचल्यावर दोन-तीन तासांत रक्त बऱ्यापैकी साफ होते, म्हणून ६८ मिनिटे अर्धायुष्याचा गॅलियम-६८ पुरतो.

या कामात नवखा माणूस सगळी काळजी पकडीची करतो. पकड आयती मिळालेली आहे, तिच्यावर झोप घालवू नका. प्रयोग फसतात ते दोन ठिकाणी: शेवटच्या एका सिस्टीन या अमिनो आम्लापाशी आणि बफरमधल्या नकोशा धातूंपाशी. पुढचा बहुतेक मजकूर या दोन गोष्टींभोवतीच फिरतो.

हे मार्गदर्शन पेशी आणि उंदरांवरच्या कामापुरते आहे. हॉट लॅबला (किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याच्या प्रयोगशाळेला) अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, जीन बदललेल्या बॅक्टेरियासाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची नोंद आणि उंदरांसाठी प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी, ही तिन्ही कागदपत्रे हातात आल्यावरच जीन मागवा. परवानग्यांना जीनपेक्षा जास्त वेळ लागतो.

जीन आणि टॅग

जीन ई. कोलायच्या कोडॉनला अनुरूप करून बनवून घ्या आणि कॅनामायसिन-रोधक पेट मालिकेतल्या व्हेक्टरमध्ये बसवा. अँपिसिलिनवाला व्हेक्टर टाळलेला बरा, कारण रात्रभराच्या कल्चरमध्ये अँपिसिलिन संपते आणि प्लास्मिड टाकून दिलेल्या पेशी माजतात.

शेवटी, म्हणजे सी-टोकाला, एकच सिस्टीन ठेवा. अफिबॉडीच्या मूळ साच्यात सिस्टीन नसतेच, त्यामुळे कीलेटर (धातूचा अणू धरून ठेवणारा रेणू; इथे डोटा) बरोबर एकाच ठिकाणी बसतो आणि प्रत्येक रेणू सारखा निघतो. लायसिनवर जोडायला गेलात तर कुठल्या रेणूवर एक, कुठल्यावर तीन कीलेटर, आणि त्यातले काही नेमके बांधणीच्या पृष्ठभागावर, असा गोंधळ होतो.

सुरुवातीला शुद्धीकरणासाठी टॅग, म्हणजे निकेल कॉलमला धरणारी अमिनो आम्लांची छोटी शेपटी, लागतो. सवयीने सगळे सहा हिस्टिडिनचा टॅग लावतात. इथे तो नको. सलग सहा हिस्टिडिन असले की ट्रेसर (किरणोत्सारी अणू लावलेला रेणू) यकृतात जास्त जमतो, आणि यकृत हीच तर कर्करोग पसरण्याची एक मुख्य जागा. त्याऐवजी हिस्टिडिन-ग्लुटामेट-हिस्टिडिन-ग्लुटामेट-हिस्टिडिन-ग्लुटामेट असा एकाआड एक टॅग लावा. यकृतातला साठा उतरतो. बदल्यात निकेल कॉलमवरची पकड थोडी सैल होते. त्याची सोय पुढे पाहू.

वाढवणे आणि फोडणे

बीएल२१(डीई३) पेशी घ्या. लिटरला ५० मिलिग्रॅम कॅनामायसिन घातलेल्या १ लिटर माध्यमात ३७ अंशांवर वाढवा. ६०० नॅनोमीटरवरचे शोषण ०.६ ते ०.८ झाले की आयपीटीजी (प्रोटीन बनवणे सुरू करणारे रसायन) १ मिलिमोलर होईल इतके घाला, तापमान २५ अंशांवर आणा आणि रात्रभर हलवत ठेवा. ५,००० जी वर १५ मिनिटे फिरवून पेलेट मिळवा. हा उणे २० अंशांवर ठेवता येतो.

पेलेटच्या प्रत्येक ग्रॅमला ५ मिलिलिटर बफर: २० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, ५०० मिलिमोलर मीठ, ५ मिलिमोलर इमिडाझोल, पीएच ७.५. यात ईडीटीए हे धातू पकडणारे रसायन घालू नका, ते कॉलमवरचे निकेल उपटून काढते. थोडे डीएनेज घाला, बर्फात ठेवून सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी पेशी फोडा.

मग एक सोपी पायरी, जी अर्धे शुद्धीकरण फुकटात करून देते. फोडलेले मिश्रण ६० अंशांवर १० मिनिटे ठेवा आणि लगेच बर्फात घाला. बॅक्टेरियाची बहुतेक प्रोटीन गोठून खाली बसतात. अफिबॉडी उष्णता सोसते आणि उलगडली तरी थंड झाल्यावर पुन्हा घडी घालते. चूक होते ती नळीच्या आकारात. ५० मिलिलिटरची भरलेली नळी पाण्यात ठेवली तर मधल्या द्रवाला ६० अंश गाठायलाच दहा मिनिटे जातात. १० मिलिलिटरचे भाग करा, एका नळीत थर्मामीटर बुडवा आणि आतले तापमान ६० झाल्यावरच वेळ मोजायला घ्या. नंतर २०,००० जी वर ३० मिनिटे फिरवून वरचा स्वच्छ द्रव घ्या, ०.४५ मायक्रॉनमधून गाळा.

कॉलम, आणि निकेल घालवणे

निकेल-एनटीए रेझिन २ ते ३ मिलिलिटर पुरे. वर सांगितलेल्या टॅगमुळे धुताना इमिडाझोल १० मिलिमोलरच्या वर नेऊ नका. सहा-हिस्टिडिनच्या सवयीने ४० मिलिमोलरने धुतले तर अर्धे प्रोटीन धुण्यातच जाते. उंदरांना टोचायचे असेल तर धुण्याच्या मधल्या टप्प्यात ०.१ टक्का ट्रायटन एक्स-११४ असलेला थंड बफर दहा-वीस कॉलम-आकारमाने सोडा, त्याने एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाच्या आवरणातले विष) उतरते. पुढे ट्रायटन पूर्ण निघेपर्यंत साध्या बफरने धुवा. ३०० मिलिमोलर इमिडाझोलने प्रोटीन सोडवून घ्या.

या टप्प्यावर मोजणी करू नका. इमिडाझोल २८० नॅनोमीटरवर स्वतःच शोषण दाखवते आणि प्रोटीन भरपूर आल्याचा भास होतो. आधी बफर बदलून इमिडाझोल काढा. झेड-हर-२:३४२ मध्ये एक ट्रिप्टोफॅन आणि दोन टायरोसिन आहेत, म्हणजे मोलर शोषणांक ८,४८०. टॅग आणि सिस्टीनसह रेणू सुमारे ७.५ किलोडाल्टनचा धरला तर १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणाचे शोषण १.१३ येते.

आकार लहान असल्याने दोन साध्या सवयी बदलाव्या लागतात. सेंट्रिफ्यूजचा गाळणी-फिल्टर ३ किलोडाल्टनचाच घ्या. प्रयोगशाळेत नेहमी हाताशी असतो तो १० किलोडाल्टनचा, आणि त्यातून अख्खे प्रोटीन खाली निघून जाते. वर काही उरले नाही म्हणून खालचा द्रव ओतून देण्याआधी तपासा. दुसरे, नेहमीच्या १२ टक्के ट्रिस-ग्लायसिन जेलवर हा पट्टा रंगाच्या आघाडीबरोबर पळून जातो. १६ टक्के ट्रिस-ट्रायसिन जेल चालवा.

आता निकेल. कॉलममधून थोडे निकेल प्रोटीनबरोबर सुटतेच. त्याने किती नुकसान होते याचा हिशोब एकदा मांडून ठेवा. लेबलिंगला आपण ५० मायक्रोग्रॅम अफिबॉडी घेणार, म्हणजे ६.७ नॅनोमोल, म्हणजे ६.७ नॅनोमोल डोटा. एका मिलिलिटरमध्ये १ पीपीएम निकेल असले तर ते झाले १७ नॅनोमोल. सगळे डोटा निकेलनेच भरून जाईल. आणि निकेल एकदा डोटात शिरले की ते नंतर ईडीटीएने बाहेर येत नाही. म्हणून ते कीलेटर जोडण्याच्या आधीच घालवायचे: प्रोटीनमध्ये ईडीटीए १० मिलिमोलर करा, अर्धा तास थांबा, मग पीडी-१० कॉलमवरून धातूरहित बफरमध्ये आणा. या कॉलमवर २.५ मिलिलिटर चढवून ३.५ मिलिलिटर उतरवायचे असते.

धातूरहित बफर म्हणजे काय? १८.२ मेगाओहमचे पाणी, अतिशुद्ध दर्जाचे क्षार, आणि बफर तयार झाल्यावर चेलेक्स-१०० रेझिनबरोबर (१०० मिलिलिटरला ५ ग्रॅम) रात्रभर फिरवून गाळलेला. चेलेक्समुळे पीएच सरकतो; तो पुन्हा जुळवताना साध्या बाटलीतले आम्ल ओतले की केलेले सगळे पाण्यात. पीएच मीटरचा इलेक्ट्रोडही बाटलीत बुडवायचा नाही. थोडा द्रव बाहेर काढून मोजायचा आणि फेकून द्यायचा. काचेची भांडी आणि स्टीलचा स्पॅच्युला या कामातून बाद. पॉलिप्रोपिलिनच्या नळ्या आणि प्लास्टिकचे चमचे वापरा. ही सामग्री वेगळ्या डब्यात, वेगळ्या खणात, नाव लिहून ठेवा, नाहीतर शेजारचा कुणीतरी नकळत त्यातूनच घेतो.

सिस्टीन मोकळे करणे आणि डोटा जोडणे

शुद्ध केलेल्या अफिबॉडीतले बरेच रेणू या वेळेपर्यंत जोडीजोडीने डायसल्फाइडने बांधलेले असतात. काहींच्या सिस्टीनवर बॅक्टेरियाचे ग्लुटाथायोन बसलेले असते. दोन्ही अवस्थांत मॅलेमाइडला (डोटाच्या ज्या टोकाने तो सिस्टीनला जोडतात त्याला) जागा नाही. म्हणून डायसल्फाइड तोडणारे डीटीटी २० मिलिमोलर, पीएच ७.५ ते ८, ४० अंश, अर्धा तास. (हे निकेल कॉलमच्या आधी करू नका, डीटीटीने रेझिन तपकिरी पडते आणि कॉलम वाया जातो.)

लगेच डीटीटी काढा. ०.५ मिलिलिटर नमुना एनएपी-५ कॉलमवर चढवा आणि हवा काढून टाकलेल्या ०.१ मोलर हेपीस, पीएच ७.० मध्ये १ मिलिलिटर उतरवा. लोक इथे डीटीटीऐवजी तेच काम करणारे टीसीईपी घेतात आणि ‘ते मॅलेमाइडला चालते’ म्हणून काढतच नाहीत. टीसीईपीही मॅलेमाइडशी अभिक्रिया करते. हळू करते इतकेच. पण आपल्याकडे मॅलेमाइड थोडेच असते, त्यामुळे हा तोटा जाणवतो.

कॉलमवरून उतरल्यापासून मॅलेमाइड घालेपर्यंत दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. मॅलेमाइड-डोटाचे वजन आधीच करून ठेवा, पाण्यात मात्र अगदी ऐनवेळी विरघळवा. १ मिलिग्रॅम अफिबॉडी म्हणजे १३३ नॅनोमोल. तिप्पट घ्यायचे तर ४०० नॅनोमोल, आणि रेणुभार ५२६.५ असल्याने ते होते ०.२१ मिलिग्रॅम. इतके थोडे तोलणे अवघड, म्हणून २ मिलिग्रॅम तोलून द्रावण करा आणि हवा तेवढा भाग घ्या. ३७ अंशांवर एक ते दोन तास. पीएच ८ च्या वर गेला तर मॅलेमाइड लायसिनलाही धरते आणि पाण्याने त्याची कडीही तुटते. ६ च्या खाली वेग मंदावतो.

अभिक्रियेनंतर सी-१८ किंवा सी-४ कॉलमवर ०.१ टक्का टीएफए घातलेल्या पाणी-ॲसिटोनायट्राइलच्या चढत्या प्रमाणात वेगळे करा आणि प्रत्येक शिखराचे वस्तुमान बघा. ही तपासणी कंटाळा म्हणून वगळणारे पुढे आठवडे घालवतात. वस्तुमान काय सांगते ते असे. अपेक्षित आकड्यापेक्षा ५२६.५ जास्त आले तर काम झाले. १,०५३ जास्त म्हणजे दोन डोटा, पीएच चढला होता. काहीच जास्त नाही म्हणजे सिस्टीन मोकळे होते पण मॅलेमाइड मेलेले होते. ३०५ जास्त म्हणजे ग्लुटाथायोन अजून बसलेले आहे, डीटीटी कमी पडले. दुपटीपेक्षा २ कमी म्हणजे जोडी झाली, दोन पायऱ्यांमध्ये वेळ गेला. ५२६.५ च्या वर आणखी १८ दिसले तर घाबरू नका. मॅलेमाइडची कडी जोडणीनंतर उघडली आहे, आणि उघडलेली कडी उलट जास्त टिकाऊ असते.

योग्य शिखर गोळा करून गोठवून वाळवा, ५० मायक्रोग्रॅमचे भाग करून प्रोटीन कमी चिकटणाऱ्या नळ्यांत उणे ८० अंशांवर ठेवा.

गॅलियमकडे जाण्याआधी पकड एकदा मोजा. पकड मोजणाऱ्या यंत्राच्या चिपवर हर-२चा बाह्य भाग बसवून १ ते ५० नॅनोमोलर अफिबॉडी सोडा. डोटा सी-टोकाला असल्याने पकडीत मोठा फरक पडायला नको. इथे पकड शंभरपट उतरलेली दिसली तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

गॅलियम-६८ लावणे

गॅलियम-६८ मिळते ते जर्मेनियम-६८ च्या क्षयातून. त्याचा जनरेटर (जर्मेनियमचे अर्धायुष्य २७१ दिवस) ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतला जातो. दोन-तीन दिवस न वापरलेला जनरेटर असेल तर आदल्या दिवशी किंवा काही तास आधी एकदा धुऊन ते फेकून द्या. गॅलियम क्षय पावून जस्त होते, ते साचत राहते आणि डोटासाठी भांडते.

प्रमाणे समजून घ्यायची तर हा आकडा पाहा. ३५० मेगाबेकरेल गॅलियम-६८ म्हणजे अवघे ३.४ पिकोमोल गॅलियम. एका मिलिलिटरमध्ये १ पीपीबी लोखंड असले तर ते १८ पिकोमोल, म्हणजे गॅलियमच्या पाचपट. ६.७ नॅनोमोल डोटापुढे हे लोखंड काही नाही. पण तेच लोखंड काही शे पीपीबी झाले की डोटा भरू लागतो, आणि लेबलिंग ९८ टक्क्यांवरून ४० वर का घसरले हे कळत नाही. उत्पन्न एकाएकी पडले तर प्रोटीनवर संशय घेऊ नका. आधी नवीन उघडलेली आम्लाची बाटली किंवा ॲसिटेटचा नवा डबा शोधा.

धुण्याचे भाग करून घ्या आणि सर्वांत तीव्र १ मिलिलिटर वापरा. क्रम असा ठेवा: २ मिलिलिटरच्या नळीत ५० मायक्रोलिटर धातूरहित पाण्यात ५० मायक्रोग्रॅम डोटा-अफिबॉडी, त्यात १ मोलर सोडियम ॲसिटेट १२० मायक्रोलिटर, शेवटी १ मिलिलिटर गॅलियम. या मापाने पीएच ४ च्या आसपास येतो. ॲसिटेट २०० मायक्रोलिटर पडले तर पीएच ४.७-४.८ वर जातो, आणि ५ च्या पुढे गॅलियम हायड्रॉक्साइडचे कलिल (द्रवात तरंगणारे सूक्ष्म कण) होऊन बसते. १०० मायक्रोलिटरच पडले तर सगळे ॲसिटेट आम्लात खपते, पीएच ३ च्या खाली उतरतो आणि डोटा गॅलियमला नीट धरत नाही. वीस मायक्रोलिटरचा फरक इथे इतका महाग पडतो. म्हणून आधी गॅलियमशिवाय, नुसत्या ०.१ मोलर आम्लावर तालीम करून आपल्या ॲसिटेटचे माप ठरवा. अरुंद पल्ल्याची पीएच पट्टी वापरा. १ ते १४ ची पट्टी इथे उपयोगाची नाही.

९५ अंशांवर १५ मिनिटे. एवढी उष्णता बहुतेक प्रोटीनना मारते, अफिबॉडी मात्र थंड झाल्यावर पूर्ववत घडी घालते. नॅनोबॉडी किंवा डारपिन अशी दुसरी लहान बंधक प्रोटीन वापरत असाल आणि ती उष्णता सोसतील याची खात्री नसेल तर डोटाऐवजी नोटा हा कीलेटर जोडा. तो गॅलियमला साध्या तापमानावर दहा मिनिटांत धरतो.

थंड झाल्यावर डायसोडियम ईडीटीए ५०० पट, म्हणजे सुमारे १.२ मिलिग्रॅम, घालून पाच मिनिटे थांबा. प्रोटीनला वरवर चिकटलेले गॅलियम ते ओढून घेते. पीडी-१० वरून फॉस्फेट सलाइनमध्ये उतरवा, अर्धा अर्धा मिलिलिटर भाग गोळा करा आणि सर्वांत तीव्र दोन-तीन भाग एकत्र करा. उतरवण्याच्या नळ्यांत आधीच १ टक्का अल्ब्युमिन असू द्या, नाहीतर इतक्या पातळ द्रावणातली अफिबॉडी प्लास्टिकलाच चिकटते.

तपासणी दोन पद्धतींनी, एकीवर विसंबू नका. सिलिका पट्टीवर ०.२ मोलर सायट्रिक आम्ल चढवले की मोकळे गॅलियम वर जाते, अफिबॉडी तळाशी राहते. पण कलिलही तळाशीच राहते, त्यामुळे ही पट्टी ९९ टक्के दाखवत असताना त्यातले २० टक्के कलिल असू शकते. रेडिओ-एचपीएलसी लावले तर कलिल कॉलममध्येच अडकते आणि शिखर पुन्हा एकच, सुरेख दिसते. त्यामुळे कॉलमवर चढवलेली आणि बाहेर आलेली सक्रियता मोजून ताळा घ्या. ९० टक्क्यांपेक्षा कमी परत आली तर उरलेली कुठे अडकली ते शोधा. उंदरात अशा नमुन्याचे यकृत आणि प्लीहा चमकतात, आणि लोक ते लक्ष्याबाहेरचे बंधन समजून बसतात.

जनरेटरमधून जर्मेनियम निसटते का, हे ४८ तासांनी तोच नमुना मोजून पाहा. तोवर गॅलियम संपलेले असते, उरते ते जर्मेनियम. युरोपियन फार्माकोपियाची मर्यादा ०.००१ टक्के आहे.

ढाल विसरू नका. गॅलियमचे पॉझिट्रॉन १.९ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे असतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन कित्येक सेंटिमीटर शिसे मागतात. बोटांतली टीएलडी (किरणोत्सर्गाची मात्रा मोजणारी) अंगठी हातमोज्याच्या आत, चिप तळहाताकडे.

पेशी आणि उंदीर

हर-२ भरपूर असलेल्या एसकेओव्ही-३ किंवा बीटी-४७४ पेशी, आणि शेजारी कमी हर-२च्या एमडीए-एमबी-४६८ पेशी. १ नॅनोमोलर लेबल केलेली अफिबॉडी एक तास. दुसऱ्या संचात पाच मिनिटे आधी शंभरपट बिनलेबलची अफिबॉडी. आडवलेल्या संचात चिकटणे जवळजवळ शून्यावर आले नाही तर ते हर-२चे बंधन नव्हे. पुढे जाऊ नका.

उंदरांत मात्रेचे वजन स्थिर ठेवा, सक्रियता नव्हे. प्रत्येकी १ मायक्रोग्रॅम. शुद्धीकरण संपताना ५० मायक्रोग्रॅमवर २०० मेगाबेकरेल असतील तर १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४ मेगाबेकरेल. तासाभराने तेच २.२ मेगाबेकरेल. पाचव्या उंदराला पहिल्याइतकी सक्रियता मिळावी म्हणून दुप्पट द्रव टोचला की प्रोटीनही दुप्पट जाते, गाठीतले रिसेप्टर वेगळे भरतात आणि पहिल्या व पाचव्या उंदराची तुलनाच उरत नाही. चित्र दोन तासांनी घ्या. तोवर मूळ सक्रियतेच्या २९ टक्के उरते.

माणसात मात्रेचा परिणाम वेगळा आहे, कारण माणसाच्या यकृतपेशींवरही थोडे हर-२ असते. स्वीडनमधल्या उप्सालाच्या गटाने २०१६ मध्ये गॅलियम-६८ लावलेल्या एबीवाय-०२५ या पुढच्या पिढीच्या अफिबॉडीची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात सुमारे ८० आणि सुमारे ४३० मायक्रोग्रॅम अशा दोन मात्रा एकाच रुग्णांमध्ये तपासल्या, आणि मोठ्या मात्रेत यकृताचा उजेड कमी होऊन गाठी जास्त स्पष्ट दिसल्या. रुग्णांसाठीची तयारी जीएमपी (औषधनिर्मितीचे दर्जा-नियम पाळणाऱ्या) सुविधेतच होते; प्रयोगशाळेत बनवलेला भाग कितीही शुद्ध असला तरी माणसाला देता येत नाही.

चित्रावरून उपचाराकडे जाताना

इथे मूत्रपिंड आडवे येते. अफिबॉडी लहान असल्याने मूत्रपिंडात गाळली जाते, तिथल्या नलिकांतले मेगालिन आणि क्युबिलिन हे रिसेप्टर तिला परत ओढून घेतात, प्रोटीन पचते आणि डोटात बसलेला धातू पेशीतच राहतो. उंदरात गाठीत ग्रॅमला दहा-वीस टक्के मात्रा असते तेव्हा मूत्रपिंडात शंभराच्या वर दिसते. चित्रासाठी हे चालते, मूत्रपिंडाशेजारच्या गाठी सोडल्या तर. उपचारासाठी वापरला जाणारा, बीटा किरण सोडणारा ल्युटेशियम-१७७ लावून हाच रेणू दिलात तर गाठीआधी मूत्रपिंड जाईल. लायसिन किंवा जेलोफ्युसिन (जिलेटिनचे द्रावण) देऊन नॅनोबॉडीचा मूत्रपिंडातला साठा काहीसा उतरतो. अफिबॉडीत त्यावर भिस्त ठेवू नये.

चालणारा उपाय म्हणजे अल्ब्युमिनला धरणारा एबीडी हा छोटा डोमेन जोडणे. मग रेणू अल्ब्युमिनवर स्वार होऊन गाळणीतून जातच नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दुहेरी झेड-हर-२:३४२ ला एबीडी जोडून ल्युटेशियम-१७७ लावल्यावर मूत्रपिंडातला साठा २५ पट उतरला होता, आणि उंदरांत एसकेओव्ही-३च्या सूक्ष्म गाठी वाढूच शकल्या नव्हत्या. किंमत अशी की रक्तात वेळ वाढतो आणि अस्थिमज्जेला जाणारी मात्रा हाच पुढचा अडसर होतो. एबीडी जोडल्यावर तपासणीच्या प्रत्येक बफरमध्ये अल्ब्युमिन आहे की नाही ते लिहून ठेवा, कारण त्याने कॉलमवरची वेळ आणि पकड दोन्ही बदलतात.

ल्युटेशियम-१७७ (अर्धायुष्य ६.६५ दिवस) महाराष्ट्रात दारातच आहे: मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) ध्रुव रिॲक्टरमध्ये ते बनते आणि ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेकडून मिळते. थेट मार्गाने, म्हणजे ल्युटेशियम-१७६ वर न्यूट्रॉन मारून केलेल्या मालात न बदललेले ल्युटेशियमही असते. मिलिग्रॅमला ९२५ गिगाबेकरेल असलेला माल धरला तर ३७ मेगाबेकरेलमध्ये ४० नॅनोग्रॅम, म्हणजे ०.२३ नॅनोमोल ल्युटेशियम. वाहकरहित (न बदललेले ल्युटेशियम नसलेल्या) मालात हेच ०.०५ नॅनोमोल असते. प्रोटीन ल्युटेशियमच्या निदान चार-पाचपट घ्या. परदेशी प्रोटोकॉल वाहकरहित मालावर लिहिलेला असतो, त्यातले प्रमाण जसेच्या तसे उचलले तर लेबलिंग अर्धवट राहते. माल आला त्या दिवशीची विशिष्ट सक्रियता (दर मिलिग्रॅमची सक्रियता) प्रमाणपत्रावरून घ्या आणि वापराच्या तारखेला पुन्हा काढा, कारण क्षयाबरोबर ती रोज उतरते.

पीएच ५ ते ५.५, ॲसिटेटसोबत ॲस्कॉर्बेट किंवा जेंटिसिक आम्ल. हे रक्षक लेबलिंगपासूनच असावेत. ल्युटेशियमच्या बीटा किरणांनी पाण्यात मोकळे रॅडिकल तयार होतात आणि ते आधी मेथिओनिन खातात. दुसऱ्या दिवशीच्या एचपीएलसीवर मुख्य शिखराच्या आधी लहान खांदा दिसला तर तेच झाले आहे. सक्रियतेची घनताही कमी ठेवा, लेबलिंग संपताच द्रावण पातळ करा.

थेट मार्गाच्या ल्युटेशियममध्ये ल्युटेशियम-१७७एम नावाचा १६० दिवस अर्धायुष्याचा अंश सोबत येतो. दहा अर्धायुष्यांच्या नियमाने ल्युटेशियमचा कचरा ६६ दिवसांनी साधा मानता येईल असे वाटते, पण हा अंश तेव्हाही मीटरला लागतो. त्या नळ्या, टिपा आणि उंदरांचे बिछाने गॅलियमच्या पिशवीत टाकू नका. त्यांचा डबा वेगळा ठेवा, त्यावर मालाचा बॅच क्रमांक आणि तारीख लिहा, आणि विल्हेवाटीची तारीख किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याने मोजून दिल्याशिवाय तो हलवू नका.